शोधत्याग

आमच्या अण्णांनी त्या वर्षी चातुर्मासात दोन गोष्टी सोडल्या. गूळ आणि बोट.

गुळाचं मला माहीत होतं. आषाढात मंदिरात जाऊन नियम घेतल्यावर त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं होतं, तेही ऐटीत. ज्या माणसाला गुळाच्या खड्याशिवाय भाकरी उतरत नाही, त्यानं चार महिने गूळ सोडायचा म्हणजे थोडी ऐट चालायचीच. बोटीचं मात्र त्यांनी मला सांगितलं नाही. ते माझ्या बोटीनंच मला सांगितलं, आणि सांगितलं तेव्हा मी भर पुरात त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी होते.

पण आधी पाटीबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

आमचं हलसिंगे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर आहे. कर्नाटक इतकं जवळ की गावातली निम्मी भांडणं कानडीत होतात. आमच्या जैन मंदिरासमोर मानस्तंभ नावाचा उंच दगडी खांब आहे, त्याच्या चौथऱ्यावर पुराच्या खुणा रंगवलेल्या आहेत. खाली दोन हजार पाचची खूण, तिच्या बरीच वर एकोणीसची. पाचचा पूर पाहिलेले लोक एकोणीस साली घरात बसून राहिले, कारण पाणी पाचच्या खुणेवर जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्यांना कौलांवरून उतरवावं लागलं. यातून गाव काय शिकलं? तर पाणी एकोणीसच्या खुणेवर जात नाही. अण्णांनी नवं घर बांधलं तेव्हा माडीचा स्लॅब एकोणीसच्या खुणेपेक्षा दोन हात वर घेतला आणि म्हशींना चढता यावं म्हणून जिन्याऐवजी लांबलचक उतार बांधला. पुरात म्हशी माडीवर चढवायची आमच्याकडे रीतच आहे. इंजिनियरनं नाक मुरडलं, पण म्हशी पहिल्याच दिवशी वर जाऊन आल्या.

खुणांचा जमाना गेला आणि पाट्या आल्या. प्रत्येक घराच्या दाराशेजारी भिंतीत बसवलेली, शाळेतल्या पाटीएवढी काच, आणि माडी असेल तर वर आणखी एक. तिच्यामागे जी गोष्ट आहे तिला आम्ही पूर-बचाव पथकातले लोक जुळी नदी म्हणतो. रस्त्याखालून गेलेली इंटरनेटची काचेची तार जमिनीची बारीकशी थरथरही टिपते. पुलांच्या खांबांत, शेतांत, ओढ्यांच्या तोंडाशी यंत्रं आहेत. या सगळ्यांच्या आकड्यांवरून संगणकात दुसरी कृष्णा वाहत असते, हुबेहूब खऱ्या कृष्णेसारखी. पाऊस सुरू झाला की ती जुळी नदी दर तासाला दहा हजार वेळा पूर आणून बघते. एकदा पाऊस थोडा इकडे पडला असं धरून, एकदा धरणाचं दार जरा उशिरा उघडलं असं धरून, एकदा वारा फिरला असं धरून. मग मोजते, दहा हजारांतल्या किती पुरांत आमच्या अण्णांच्या, म्हणजे आदगोंडा पाटलांच्या, माडीवर पाणी चढलं. तो आकडा पाटीवर येतो. अमुकच होईल असं ती कधीच म्हणत नाही, फक्त किती वेळा झालं ते सांगते. लोकांना मात्र हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं.

पूर्वी पूर आला की पोलीस माणसांना उचलून नेत. लोक कोर्टात गेले. माझं घर, माझा जीव, माझी जबाबदारी, तुम्ही कोण मला उचलणार? बरीच वर्षं भांडण चाललं आणि लोक जिंकले. शहाण्या माणसाला धोका समजावून सांगितल्यावर त्याला थांबायचा हक्क आहे, असा कायदा झाला. पण कायदा लिहिणाऱ्यांत कुणीतरी हुशार होतं. त्यांनी एक अट घातली. जो थांबेल त्याला आणायला कोण जाईल, त्याचं नाव आणि फोटो पाटीवर दाखवायचा, आणि त्या माणसाच्या न परतण्याचा आकडाही. जुळी नदी तेही मोजू शकते. पाण्याची ओढ, बुडालेल्या तारा, वाहून येणारी झाडं, बोट चालवणाऱ्याचा हात, सगळं तिला ठाऊक असतं. ही अट आल्यावर थांबणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. परक्याचा फोटो बघून माणूस मुकाट्यानं पिशवी भरायला लागतो.

तरी काही जण उरतातच. त्यांच्यासाठी पाटीवर सगळ्यात खाली एक बटण आहे, शोधत्याग. मला आणायला कुणीही येऊ नये, असं माणूस स्वतःहून म्हणतो. एकदा ते दाबलं की त्या घराच्या आसपास आमच्या बोटीचं इंजिनच चालत नाही. पहिल्या वर्षी पथकातले दोघे तरीही गेले आणि परत आले नाहीत, म्हणून इंजिनाला ते कुलूप घातलं. कुलूप असावं की नसावं याची सुनावणी झाली तेव्हा असावं म्हणून तावातावानं बोलणाऱ्यांत मीही होते.

पूर येण्याआधी मी अण्णांना न्यायला गेले. ते माडीवर काशीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. काशी आमची सगळ्यात थोरली म्हैस. आईच्या हातची शेवटची वाढवलेली. शेजारी बिजली आणि चंपी रवंथ करत होत्या.

"अण्णा, पाटी बघितली?"

"बघितली की."

"काय म्हणते?"

"दरसाल म्हणत्या तेच म्हणत्या. माडीवर पाणी. आजवर आलंय व्हय माडीवर?"

"दहा हजारांत सहा हजार वेळा आलंय."

"ते त्या कंप्युटरात. माझ्या माडीवर एकदा बी न्हाई."

मी समजावलं, चिडले, परत समजावलं. साखर कारखान्याच्या माळावर जनावरांची छावणी लागली होती. म्हशींना न्यायला ट्रकही येऊन गेला होता. अण्णांनी तो रिकामा परत पाठवला, कारण काशीचे दिवस भरत आले होते.

"त्या खड्ड्यांतनं ट्रकात घातली तर पोटातलं ऱ्हाईल व्हय? दोन जीव हायत. हितं निवांत विईल ती."

"आणि तुमचा जीव?"

"माझी जबाबदारी माझ्यावर. तू तुझं काम कर जा."

मला त्यांची बाजू कळत नव्हती असं नाही. कुणी पोटुशी बाई हलवू नका म्हणालं असतं तर मी ऐकलं असतं. पण बाप आपला असला की डोकं चालत नाही, मी चहासुद्धा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. आम्ही चार बोटी होतो. प्रत्येक बोटीत एकच चालक, बाकी काम संगणक करतो. दिवसभर आम्ही माणसं, गाठोडी, मिक्सर, पोपटाचा पिंजरा असं सगळं माळाच्या काठाला लावत होतो. पाणी एकोणीसच्या खुणेला लागलं. आता गाव गप्प होईल असं मला वाटलं होतं, पण बोटीतल्या म्हाताऱ्या बायका खूण बुडाली म्हणून आणखी जोरात बोलायला लागल्या.

अण्णांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पाटीवर माझा फोटो आला असेल, तो बघून म्हातारा विरघळेल आणि मी पोचेपर्यंत पिशवी भरून बसेल, असा माझा हिशेब होता. खालच्या आळीतलं शेवटचं कुटुंब सोडलं, बोट वळवली आणि गल्लीच्या तोंडाशी आले. इंजिन एकदम गप्प झालं.

पडद्यावर अक्षरं आली. आदगोंडा नेमगोंडा पाटील. शोधत्याग दिलेला आहे. या घराकडे बोट जाणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग विजेच्या खांबाला दोर टाकून बोट अडकवली आणि फोन लावला.

"बोल," अण्णा म्हणाले. तोंडात घास होता.

"काय करताय?"

"जेवायला बसलोय. दिवस मावळायच्या आत उरकावं म्हणलं."

"अण्णा, तुम्ही शोधत्याग दिलाय?"

घास गिळल्याचा आवाज आला. "सकाळी."

"का?"

"पाटीवर तुझं नाव आलं. त्या नारंगी जाकिटातला तुझा फोटो. खाली लिवलेलं, शंभरात दोन. म्हणलं, दोन तरी कशाला? तर खाली बटन होतं. आंघोळ केली, देवापुढं बसून णमोकार म्हणलो आणि दाबलं. माझ्यापायी कुणाला तरास नको."

"ते परत दाबून काढता येतं."

"काढायचं न्हाई. नियम घेतलाय मी. गुळासारखाच. चातुर्मासातला नियम मोडत असतेत व्हय?"

सरकारच्या बटणाला व्रत समजणारा माणूस आमच्याच गावात निघायचा, आणि तोही माझाच बाप. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसतीच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काशी अजून उभीच आहे, बसत नाही, म्हणजे आज उद्यात विईल, असं सांगितलं. पाणी माडीच्या किती खाली आहे, मी विचारलं. हातभर, ते म्हणाले. पडद्यावरचा आकडा सहा हजारांवरून सात हजारांवर गेला होता.

मी फोन ठेवला आणि बोटीच्या तळातली वल्ही काढली.

कुलूप इंजिनाला असतं, वल्ह्यांना नसतं. वल्ही मारत जायचं तर चालकाला स्वजबाबदारी नोंदवावी लागते, म्हणजे माझ्या जिवाला मीच जबाबदार असं लिहून द्यावं लागतं. मी अंगठा टेकवला. पडद्यावर माझाच फोटो आला. न परतण्याची शक्यता शंभरात अकरा. आणि खाली, तुम्हाला आणायला येईल, निहाल शेख.

निहाल माझ्या बरोबरीचा, पथकात माझ्याच वर्षी आलेला. त्याला दोन मुली. धाकटीनं एकदा माझ्या मांडीवर बसून सगळं आइस्क्रीम सांडलं होतं आणि वर मलाच रागावली होती. त्याची बोट मंदिराच्या मागे होती. रेडिओ लगेच खरखरला.

"त्रिशला, हे काय आलंय माझ्या स्क्रीनवर?"

"तुझं नाव लागलंय."

"ते मलाही वाचता येतं. मला विचारलंस?"

मी वल्हं कडीत अडकवायला लागले.

"तुझ्या अण्णांनी तुला न विचारता तुला सोडवलं. तू मला न विचारता मला अडकवलंस. चांगलं घराणं आहे."

"निहाल, मी..."

"थांब. जायचं तर जा, मी इथं आहे. आलो नाही असं होणार नाही, ते तुलाही माहीत आहे. पण वल्हं मारायच्या आधी त्यांना हा आकडा सांग. त्यांना वाटतंय त्यांनी तुला मोकळं केलं."

वल्हं माझ्या हातातच होतं. पाण्यातून कुणाचं तरी प्लास्टिकचं टेबल चारही पाय वर करून गेलं. मी परत फोन लावला.

"अण्णा, उठा. खालची पाटी पाण्यात गेली असेल, माडीवरच्या पाटीजवळ जा."

"काय हाय?"

"माझं नाव परत आलंय बघा."

कुणी स्वजबाबदारीवर एखाद्या घराकडे निघालं की त्या घराच्या पाटीवर ते दिसतं. अण्णांचा चष्मा सापडेपर्यंत वेळ गेला. मग बराच वेळ पलीकडून फक्त म्हशींचा आवाज येत राहिला.

"शंभरात अकरा?" ते म्हणाले.

"इंजिन बंद आहे. वल्ही मारत येणार मी."

"दोन होतं की सकाळी. मी सोडलं तर शून्य व्हायला पायजे."

"कुणीच आलं नाही तर शून्य. मी येणार आहे."

जुळ्या नदीत सगळं होतं, तारा होत्या, झाडं होती, प्रत्येक गल्लीतली ओढ होती. मी वल्ही उचलीन हे तेवढं तिच्यात कुणी घातलं नव्हतं. अण्णांनी बटण दाबल्यावर कुणी येणार नाही असंच तिनं धरलं होतं, आणि अण्णांनीही तेच धरलं होतं.

"येऊ नगस," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"माझा जीव, माझी जबाबदारी."

"त्रिशे, आगाऊपणा करू नगस."

"आणि मला काही झालं तर मला काढायला निहाल येणार. त्याचं नावही लागलंय. तो तुमच्याकडे हुरडा खायला आला होता, आठवतोय?"

"दोन पोरींचा बाप."

"तोच."

ते हळू म्हणाले, "नियम मोडला तर पाप लागतंय, बाळ. तुझ्या आईच्या मागारी मी एक बी मोडला न्हाई."

 आमच्याकडे पाणी गाळून पितात, का, तर त्यातला न दिसणारा जीव मरू नये. एवढंच मी म्हणाले, की अण्णा, आपण पाणी गाळून पितो.  मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दोर सोडायला वाकले.

दोर हातात असतानाच इंजिन सुरू झालं.

मी गल्लीत शिरले. निहालची बोट मागोमाग आली, कारण त्याग उठल्यावर दोन बोटी जायची परवानगी आपोआप मिळते. आकडा पुन्हा दोनवर उतरला होता. अण्णा माडीच्या कठड्याशी उभे होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काशीचं दावं. बिजली आणि चंपी यांची दावी त्यांनी आधीच सोडली होती.

"जनावर बोटीत घेता येत नाही, बोटीला बांधताही येत नाही," मी म्हणाले. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, तरी म्हणावं लागलं.

"बांधत न्हाई. नुसतं हातात धरतो. ती पोहत यील मागनं. बिजली, चंपी तिच्या मागनं येतील."

म्हशी चांगल्या पोहतात. एकोणीसच्या पुरात कित्येक म्हशी आपल्या आपण काठाला लागल्या होत्या. मी मान हलवली. ती मान मी अण्णांसाठी हलवली की काशीसाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

गल्लीत पाणी संथ होतं. काशी उतारावरून पाण्यात आली, नाक वर काढून मागे निघाली. अण्णा तिला नावानं हाक मारत होते. गल्ली संपून मोकळ्या पाण्यात आलो आणि ओढ लागली. काशीचं जड पोट प्रवाहात आडवं झालं, दावं ताणलं आणि बोटीचं तोंड फिरून तारांच्या बाजूला गेलं. पडद्यावरचा आकडा दोनवरून चार, चारावरून नऊ झाला. निहाल मागून ओरडत होता.

"अण्णा, सोडा!"

"थोडकं ऱ्हायलंय."

"अण्णा, दावं सोडा!"

त्यांनी सोडलं नाही. मी सुकाणू एका हातात धरून मागे वाकले आणि त्यांच्या मुठीतून दावं ओढून काढलं. अगदी बोटं उलगडून काढलं. बोट सरळ झाली. काशी फिरली, एकदा दिसली, मग उसाच्या बाजूला गेली. बिजली आणि चंपी आमच्यामागून काठाला लागल्या आणि चिखलात उभ्या राहून धापा टाकू लागल्या.

छावणीत जेवण आलं तेव्हा दिवस मावळला होता. अण्णांचं ताट तसंच अर्धं राहिलं होतं घरी. रात्री जेवायचं नाही म्हणून ते पाणी पिऊन पडून राहिले. माझ्याशी बोलले नाहीत.

पूर उतरला. घर बघायला गेलो. पाणी माडीच्या स्लॅबखाली वीतभर येऊन थांबलं होतं. भिंतीवर चिखलाची रेघ इतकी सरळ होती, जणू गवंड्यानं पाणसळ धरून मारली असावी. माडी कोरडी होती. काशीच्या खाली पसरलेला पाला तसाच होता. अण्णा त्या रेघेकडे बघत उभे राहिले, मी त्यांच्याकडे.

"तुझा कंप्युटर काय म्हणत होता?"

"सात हजार वेळा वर येईल."

"आणि आलं का?"

"उरलेल्या तीन हजारांतलं आलं."

"म्हंजे माझं खरं."

मी हो म्हणाले. काय करणार? या एका पुरापुरतं त्यांचं खरं होतं. ते माडीवर थांबले असते तर त्यांना काही झालं नसतं, आणि काशी तिथंच निवांत व्याली असती. जुळी नदी चुकली नव्हती, आणि मीही चुकले नव्हते. पण ज्याची म्हैस गेली त्याला आकडेमोड ऐकवता येत नाही. मी काय म्हणणार होते, पुढच्या दहा हजार वेळा बघा म्हणून?

चौकशी झाली. कामावर असताना पथकाला न विचारता स्वजबाबदारी नोंदवल्याबद्दल मला पुढचं वर्ष बोट मिळाली नाही. समितीत निहाललाही बोलावलं होतं. माझ्या बाजूनं बोलला, पण शेवटी म्हणाला, "तिनं मला विचारायला हवं होतं." तेवढंच मला लागलं. बाहेर आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, चहा पाज, आणि मग आम्ही शिरोळच्या स्टँडवर दोन-दोन कप प्यायलो.

अण्णा सगळा हिवाळा माझ्याशी मोजकंच बोलले. दूध कसं आहे, बरं आहे. गुडघा कसा आहे, हाय. मी गेले की चहा करून द्यायचे, गूळ घालून, कारण चातुर्मास संपला होता. काशीचं नाव कुणी काढायचं नाही असं न ठरवताच ठरून गेलं होतं. त्यांच्या गोठ्यात तिची जागा मोकळी होती. तिथं ते काही ठेवत नसत, घमेलंसुद्धा नाही. मला वाटायचं, यांनी एकदा शिव्या द्याव्यात आणि मोकळं व्हावं.

मंदिरापाशी गावच्या पोरांनी एकोणीसच्या वर नवी खूण रंगवली. तिथं कट्ट्यावर बसलेला एक जण म्हणाला, आता हिच्यावर पाणी जाणार नाही. अण्णा तेवढ्यापुरते थांबले. "का? पाण्याला वाचता येतंय व्हय?" असं म्हणून पुढे गेले.

पुढच्या श्रावणात पुन्हा पाऊस लागला. अजून हुकूम निघाला नव्हता, नुसते पाटीवर आकडे आले होते. मी सकाळीच बसनं हलसिंग्याला पोचले. यंदा माझ्याकडे बोट नव्हती, फक्त भांडण होतं, तेही रस्ताभर घोकून नेलेलं. अण्णा दारात पाटीसमोर उभे होते, चष्मा कपाळावर.

"वाच गं, बारीक आलंय."

मी वाचलं. माडीवर पाणी, दहा हजारांत तीन हजार. तुम्ही थांबलात तर तुम्हाला आणायला येईल, अनुष्का वाघमोडे, वय तेवीस, मूळ गाव जत. न परतण्याची शक्यता, शंभरात एक. फोटोत एक काळी, गोल चेहऱ्याची मुलगी नव्या कोऱ्या जाकिटात हसत होती. सगळ्यात खाली ते बटण.

"जतची?" अण्णा म्हणाले. "तितं प्यायला पाणी नसतंय. हिनं पूर बघितलाय का कधी?"

"ट्रेनिंग झालेलं असतं, अण्णा."

"तिच्या घरी कोण कोण हायत?"

"मला काय माहीत?"

"इचार की निहालला."

 यंदा शक्यता कमी होती, तीन हजारच. माडी एकोणीसच्या खुणेपेक्षा दोन हात वर होती, गेल्या वर्षी कोरडी राहिलेली होती, आणि गेल्या वर्षी माझं ऐकून त्यांनी काय गमावलं ते दोघांनाही ठाऊक होतं. बटण तर त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. त्यांचा हात वर गेला. त्यांनी फक्त काचेवरचा धुरळा धोतराच्या सोग्यानं पुसला, मुलीचा चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत.

"काशी मी सोडली नसती," ते काचेकडे बघतच म्हणाले. "तू दावं काढून घेतलं नसतंस तर मी सोडलं नसतं. बोट उलटली असती. तू गेली असतीस. त्यो दोन पोरींचा बाप गेला असता." ते थांबले. "सांगायचं ऱ्हायलं हुतं तुला."

मी त्यांच्या दंडाला धरलं. मला रडू आवरलं नाही.

मग कळलं की म्हशी आधीच दाराशी आणून बांधल्या होत्या. त्यांनी ट्रकवाल्याला काल संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. पिशवी भरलेली होती, ताट घासून पालथं घातलेलं होतं. मी घोकून आणलेलं भांडण वाया गेलं. ट्रक आला, बिजली कुरकुरत चढली, चंपी तिच्या मागून. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले. मी दार लावणार तेवढ्यात त्यांनी हात बाहेर काढला.

"त्या पोरीला फोन लाव."

"कुठल्या?"

"जतच्या. निहालकडनं नंबर घे."

निहालनं काही न विचारता नंबर दिला. रिंग गेली. मी फोन त्यांच्या हातात दिला, ते कानाला लावून अंमळ मोठ्यानं बोलले, तिकडे जतला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

"कोण, अनुष्का काय? मी हलसिंग्याचा आदगोंडा पाटील बोलतोय. तुझ्या वाट्याला आलेला म्हातारा. मी निघालोय बाळ, म्हशीबी घेतल्यात. माझ्या घरात मागं कोण न्हाई. तू बघू नगस आमच्याकडं. दिवस मावळायच्या आत जेवून घे निवांत."